जिवाणू खाणारे विषाणू : जनावरांच्या छातीच्या आजारावर उद्याचे औषध?

या पानावर आपण एरवी माणसांच्या आजारांविषयी बोलतो. या वेळी जरा गोठ्यात आणि खुराड्यात डोकावू. आपल्यातल्या कितीतरी घरांकडे जमीन नाही, आणि असली तर एकर-दीड एकर कोरडवाहू. अशा घराला दोन-चार शेळ्या, एखादी म्हैस आणि दहा-वीस कोंबड्या हीच बँक असते. लेकीची परीक्षा फी, दवाखान्याचा खर्च, सावकाराचा हप्ता, हे सारे एखादा बोकड विकून भागवले जाते. ते जनावर खोकायला लागले, त्याला धाप लागली आणि दोन दिवसांत ते गेले, तर घराची वर्षाची घडी विस्कटते.

दुसरे कारण असे की जनावरांना दिलेल्या औषधांचा परिणाम माणसांपर्यंत पोहोचतो. जनावरांच्या छातीच्या आजारावर जी प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक औषधे वापरली जातात, त्यांच्याच जातकुळीतली औषधे आपल्या मुलांच्या न्यूमोनियावरही वापरावी लागतात. ती दोन्हीकडे निकामी होऊ लागली आहेत. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ वेगळा उपाय शोधत आहेत. त्यातला एक आहे जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा. त्यांना बॅक्टेरिओफाज म्हणतात. आपण सोयीसाठी नुसते 'फाज' म्हणू. हा उपाय किती खरा आहे, कुठवर आला आहे आणि तो हाती येईपर्यंत आपण काय करायचे, ते आज पाहू.

खोकणारे जनावर, थकलेली औषधे

जनावरांचा छातीचा आजार एकाच कारणाने होत नाही. म्हशी आणि गाईंना पावसाळ्याच्या तोंडावर होणारा घटसर्प आपल्याला ठाऊक आहे. अंगात ताप भरतो, गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरतो आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जनावर दगावते. तो पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जिवाणूमुळे होतो. शेळ्या-मेंढ्यांच्या न्यूमोनियात याच जिवाणूचा आणि त्याच्या भाऊबंदाचा, मॅनहायमिया हिमोलिटिका या जिवाणूचा, मोठा हात असतो.

कोंबड्यांचे थोडे निराळे आहे. कोंबडीच्या फुफ्फुसाला हवेच्या पातळ पिशव्या जोडलेल्या असतात. या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. खुराड्यातल्या वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते, तिच्याबरोबर ई. कोलाय हा जिवाणू श्वासातून आत जातो. कोंबडी धडधाकट असेल तर शरीर त्याला निपटून टाकते. पण आधी मानमोडीसारखा विषाणूजन्य आजार होऊन गेलेला असेल, किंवा खुराड्यात अमोनियाचा उग्र वास कोंडलेला असेल, तर श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावलेले असते. मग ई. कोलाय हवेच्या पिशव्यांत ठाण मांडतो. मेलेली कोंबडी उघडली तर या पिशव्यांवर, हृदयावर आणि काळजावर पिवळट-पांढरा, पनीरसारखा थर दिसतो.

यावर आजवरचा उपाय म्हणजे प्रतिजैविके. ती जीव वाचवतात, यात शंका नाही. पण ती फार सैल हाताने वापरली गेली. मोठ्या पोल्ट्रीत आजार नसतानाही खाद्यातून दिली गेली. गावात दुकानदाराला विचारून अर्धा डोस दिला गेला. प्रत्येक वेळी कमकुवत जिवाणू मेले आणि औषधाला दाद न देणारे उरले. उरलेलेच वाढले. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचे म्हणून राखलेले औषध. तेही कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. अखेर भारत सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण एकेक औषध असे बाजूला ठेवावे लागले, तर आजारी जनावराला द्यायचे काय, हा प्रश्न उरतो.

फाज म्हणजे नेमके काय?

विषाणू म्हटले की आपल्याला कोरोना, गोवर, पीपीआर आठवतो. पण विषाणू फक्त माणसांना आणि जनावरांनाच लागतात असे नाही. जिवाणूंनाही लागतात. जिवाणूंना लागणारा विषाणू म्हणजे फाज. तो जिवाणूपेक्षाही कितीतरी लहान असतो. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. माती, नदी, गटार, शेण, आपले आतडे, जिथे जिवाणू आहेत तिथे फाज आहेत.

त्याचे काम कुलूप-किल्लीसारखे चालते. जिवाणूच्या अंगावर विशिष्ट खुणा असतात. फाजला आपली खूण सापडली की तो तिथे चिकटतो आणि आपला जनुकीय मजकूर जिवाणूच्या आत सोडतो. मग तो जिवाणू स्वतःचे काम विसरून फाजच्या प्रती तयार करू लागतो. ई. कोलायवरचा एक चांगला अभ्यासलेला फाज अर्ध्या तासाच्या आसपास जिवाणू फोडतो आणि शंभराहून अधिक नवे फाज बाहेर पडतात. ते पुढच्या जिवाणूंवर तुटून पडतात. जिवाणू संपले की फाजला वाढायला जागा उरत नाही, आणि शरीर हळूहळू त्यांना बाहेर काढते.

यातून दोन फायदे दिसतात. पहिला, फाज निवडक असतो. प्रतिजैविक आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही मारते. फाज मात्र आपल्या ठरलेल्या जिवाणूलाच धरतो. जनावराच्या किंवा माणसाच्या पेशींवर त्याची खूणच नसते, म्हणून तो त्यांना लागत नाही. दुसरा, औषधाला न जुमानणारा जिवाणूही फाजला बळी पडू शकतो, कारण फाजची मारण्याची रीतच वेगळी आहे.

शंभर वर्षांपूर्वीची सुरुवात

हा शोध नवा नाही. १९१५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'एरेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फाजची नोंद केली. बॅक्टेरिओफाज हे नाव द'एरेल यांनी दिले. विशेष म्हणजे त्यांचे सुरुवातीचे मोठे प्रयोग जनावरांवरच झाले. १९१९ साली फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांमध्ये टायफॉइडसारखी साथ होती, तिथे त्यांनी फाज वापरले. त्यानंतर लवकरच ते इंडोचीनला, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात, गेले आणि म्हशींच्या घटसर्पावर फाजचा उपयोग होतो का ते तपासले. आपल्या गोठ्यातला आजार आणि फाज यांची गाठ अशी शंभर वर्षांपूर्वीच पडली होती.

याच संदर्भात गंगेच्या पाण्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १८९६ साली आग्र्यात काम करणारे अर्नेस्ट हँकिन यांनी लिहिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, पण तेच पाणी उकळले तर तो गुण जातो. पुढे अनेकांनी याचा संबंध फाजशी जोडला. काही मंडळी यावरून नदीचे पावित्र्य सिद्ध झाले असे सांगतात. आपण नीट समजून घेऊ. जिथे जिवाणूंची गर्दी तिथे त्यांना खाणारे फाजही वाढतात. आजही शास्त्रज्ञ फाज शोधायला निघाले की बहुधा शहराच्या सांडपाण्याकडे जातात. नाल्यात फाज भरपूर असतात म्हणून नाला पवित्र होत नाही, आणि ते पाणी पिण्याजोगेही होत नाही. फाजसोबत तिथे रोगजंतूही असतात. पाणी गाळून, उकळून पिण्याला पर्याय नाही.

मग हे औषध मागे का पडले? त्या काळी फाज शुद्ध करण्याची रीत कच्ची होती. कुठला फाज कुठल्या जिवाणूवर चालतो हे न पाहता तो विकला गेला. कधी गुण आला, कधी नाही. १९४० नंतर पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले आणि पश्चिमेकडच्या देशांनी फाज सोडून दिले. सोव्हिएत संघातल्या जॉर्जियात मात्र, तिबिलिसीच्या संस्थेत, हे काम चालू राहिले. ती संस्था १९२३ साली जॉर्ज एलियावा यांनी उभी केली होती. स्टालिनच्या राजवटीत १९३७ साली त्यांना ठार करण्यात आले, पण संस्था टिकली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

कोंबड्यांवरचे प्रयोग काय सांगतात?

प्रतिजैविके थकू लागली तसे लक्ष पुन्हा फाजकडे वळले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या हॉटन येथील संशोधन केंद्रात विल्यम्स स्मिथ आणि हगिन्स यांनी उंदीर, वासरे, डुकराची पिले आणि कोकरे यांच्यातल्या ई. कोलायच्या संसर्गावर फाज वापरले आणि चांगला गुण दाखवला. हे आजार श्वसनाचे नव्हते, पण नीट मोजमाप करून केलेल्या त्या प्रयोगांनी वाट मोकळी केली.

श्वसनाच्या आजारावरचे महत्त्वाचे काम अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात, सरकारी कृषी संशोधन विभागाच्या विल्यम हफ आणि सहकाऱ्यांनी २००२ पासून केले. त्यांनी कोंबड्यांच्या हवेच्या पिशवीत मुद्दाम ई. कोलाय सोडला आणि मग फाज वेगवेगळ्या वाटांनी देऊन पाहिले. त्यातून जे कळले ते आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, पिण्याच्या पाण्यातून दिलेल्या फाजने या आजारात फायदा दिसला नाही. पोटात गेलेला फाज हवेच्या पिशवीपर्यंत पुरेशा संख्येने पोहोचला नाही. दुसरी, फवारा मारून श्वासातून दिलेला फाज संसर्ग होताच लगेच दिला तर उपयोगी पडला, उशिरा दिला तर नाही. तिसरी, स्नायूत टोचलेला फाज रक्तात चांगल्या प्रमाणात उतरला आणि संसर्गानंतर एक-दोन दिवसांनी दिला तरी मृत्यू कमी झाले. चौथी, फाज आणि एन्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक वेगवेगळे देऊन मृत्यू घटले, पण दोन्ही मिळून दिल्यावर सर्वात चांगले रक्षण झाले.

म्हणजे फाज योग्य असून भागत नाही. तो योग्य जागी, योग्य वेळी आणि पुरेशा संख्येने पोहोचला पाहिजे. आणि फाजने प्रतिजैविकाची जागा घेतलीच पाहिजे असे नाही. दोघे मिळूनही काम करू शकतात, त्यामुळे जुन्या औषधाचे आयुष्यही वाढू शकते.

पुढे २०१० च्या सुमारास पोर्तुगालमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेबाहेर पाऊल टाकले. ज्या पोल्ट्रींत ई. कोलायची लागण आपोआप झाली होती आणि प्रतिजैविकांनी गुण येत नव्हता, तिथे त्यांनी तीन फाजचे मिश्रण फवारा आणि पाणी दोन्हींतून दिले. बहुतेक कळपांत मृत्यू ओसरले. हफ यांना पाण्यातून गुण दिसला नव्हता आणि इथे पाणी व फवारा जोडीने वापरले, हा फरक ध्यानात घ्यावा. अशा प्रत्यक्ष शेडमधल्या चाचण्या अजून मोजक्याच आहेत.

इतर जनावरांत कुठवर?

चीनमध्ये मिंक नावाचा, मुंगसासारखा दिसणारा प्राणी कातडीसाठी पाळतात. त्याला स्यूडोमोनास जिवाणूमुळे रक्तस्रावी न्यूमोनिया होतो. तिथल्या संशोधकांनी दम्याच्या रुग्णाला वाफाऱ्याच्या यंत्राने औषध देतात तसे, बारीक तुषारांतून फाज फुफ्फुसात पोहोचवले आणि मिंकचे रक्षण झाले. श्वासाच्या वाटेने फाज देता येतो, हे यातून पुन्हा दिसले.

गाई, म्हशी, शेळ्यांच्या बाबतीत मात्र घोडे अडले आहे. मॅनहायमिया जिवाणूवर सापडलेले फाज बहुतेक सुप्त जातीचे आहेत. म्हणजे ते जिवाणूला लगेच फोडत नाहीत, त्याच्याच जनुकांत शिरून गप्प बसतात. असे फाज उपचाराला चालत नाहीत. शिवाय काही सुप्त फाज जिवाणूला विष तयार करायला शिकवतात. माणसातल्या घटसर्पाचे आणि कॉलऱ्याचे विष जिवाणूला फाजकडूनच मिळालेले आहे. म्हणून उपचाराचा फाज निवडताना त्याची जनुके पूर्ण वाचून, त्यात विषाचा किंवा औषधरोधाचा मजकूर नाही ना, हे तपासावे लागते.

अडचणी कोणत्या?

फाज निवडक असतो हा त्याचा गुण, आणि तीच त्याची अडचणही. एका गावातल्या ई. कोलायवर चालणारा फाज शेजारच्या गावातल्या ई. कोलायवर चालेलच असे नाही. म्हणून अनेक फाजचे मिश्रण करावे लागते, किंवा आधी जिवाणू ओळखून मग फाज निवडावा लागतो. त्याला जवळ प्रयोगशाळा हवी.

जिवाणू फाजलाही चकवतात. अंगावरची ती खूण बदलतात किंवा टाकून देतात. पण कधी कधी त्या खुणेतच जिवाणूची रोग करण्याची ताकद असते, आणि खूण टाकली की तो दुबळा होतो. स्मिथ आणि हगिन्स यांना उंदरांवरच्या प्रयोगात हेच दिसले होते. पण दर वेळी असेच घडेल याची खात्री नसते.

जनावराचे शरीरही फाजला परका समजून प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे आधी फाज दिलेल्या कोंबड्यांत पुढच्या वेळी गुण कमी येतो, हेही हफ यांच्या गटानेच दाखवले. फाज कोरडे पडले, तापले की मरतात. ते थंड ठेवावे लागतात. वीज नसलेल्या वाडीत हा प्रश्न लहान नाही.

आणि सर्वात मोठी गोष्ट, फाज फक्त जिवाणूवर चालतो. मानमोडी, पीपीआर हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांच्यावर फाजचा काही इलाज नाही. पहिला घाव विषाणूचा किंवा कोंदट गोठ्याचा असेल, तर फाज फक्त मागून आलेल्या जिवाणूला अडवेल.

कायद्याच्या बाजूने थोडी हालचाल आहे. युरोपच्या औषध संस्थेने २०२३ साली जनावरांच्या फाज-औषधांचा दर्जा, सुरक्षितता आणि गुण कसा तपासावा याची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. अशी चौकट तयार झाली की कंपन्यांना आणि संशोधकांना पुढे जाता येते.

तोवर आपण काय करायचे?

फाज हे आज नेहमीच्या उपचारातले औषध नाही, उद्याची आशा आहे. म्हणून कोणी 'फाज'च्या नावाने बाटली विकायला आला, तर तीन प्रश्न विचारा. हे कुठल्या जिवाणूवर चालते? कुठल्या जनावरावर, कोणी तपासले? परवाना क्रमांक कुठे आहे? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवा आणि पशुवैद्यकाला विचारा. नाल्याचे पाणी, कुठलेही 'जल' किंवा घरगुती काढा फाज म्हणून जनावराच्या घशात ओतू नका. पाणी श्वासनलिकेत गेले तर त्यानेच न्यूमोनिया होतो.

जे उपाय आज हातात आहेत ते स्वस्त आणि खात्रीचे आहेत :

• पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना घटसर्पाची, शेळ्या-मेंढ्यांना पीपीआरची आणि कोंबड्यांना मानमोडीची लस टोचून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात शिबिराची चौकशी करा आणि वस्तीतल्या सगळ्यांना मिळून बोलवा. एकट्याच्या जनावराला लस देऊन साथ थांबत नाही.

• गोठा आणि खुराडे कोरडे ठेवा. वाकून जनावराच्या नाकाच्या उंचीवर वास घ्या. डोळे चुरचुरले तर तिथे अमोनिया साचला आहे. खालचा ओला थर बदला, वरून हवा खेळू द्या. थंडीत पोती लावा, पण छताजवळची फट बंद करू नका.

• बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधा.

• खोकला, ताप, गळ्याची सूज, तोंड उघडून श्वास घेणे ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा. पशुसेवेसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. घटसर्पात एक रात्रही महाग पडते.

• मागच्या वेळची उरलेली गोळी किंवा इंजेक्शन देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेला डोस पूर्ण करा. औषध दिल्यावर किती दिवस दूध, अंडी, मांस वापरायचे नाही ते विचारून घ्या.

• एकाच खुराड्यातल्या अनेक कोंबड्या मेल्या तर नमुना तपासायला पाठवण्याचा आग्रह धरा. शक्यतो औषध सुरू करण्याआधीचा नमुना घ्यावा. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तिथे नमुना पोहोचवण्याची वाट आपला दवाखाना सांगू शकतो. मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू नका, खाऊ नका. उघड्या हाताने न धरता खोल पुरा.

शेवटच्या मुद्द्याचा फाजशी थेट संबंध आहे. फाजचा उपचार उद्या आला, तर तोही आधी जिवाणू ओळखूनच द्यावा लागेल. नमुना घेणारा डॉक्टर आणि तो तपासणारी प्रयोगशाळा तालुक्यापर्यंत पोहोचली नाही, तर हे औषध मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या शेडमध्येच राहील, आणि दोन शेळ्यांच्या घराला त्याचे फक्त नाव कळेल. ग्रामसभेत रस्ता, पाणी आपण मागतोच. त्याच यादीत आता पशुवैद्यकीय दवाखान्यातली रिकामी जागा भरण्याची आणि तपासणीच्या सोयीची मागणीही लिहू या.